कार्ड म्हातारं नाही, वाट अरुंद आहे

मंडळी, २५६०×१४४० चा नवा मॉनिटर जुन्या कार्डाला जोडला आणि चित्र १९२०×१२०० च्या पुढे सरकेना, की सल्ला ठरलेला: "कार्ड जुनं झालं, नवीन टाका." साफ चूक!

जरा हिशोब करा. त्या पडद्याचं एक अख्खं चित्र मेमरीत ठेवायला १५ एमबीसुद्धा लागत नाही. म्हणजे २५६ एमबीचं कार्डही त्याला पुरून उरतं. घोडं अडतं ते पोर्टात. १९९९ च्या डीव्हीआयमध्ये एका लिंकला मुभा सेकंदाला १६.५ कोटी पिक्सेलची, म्हणजे १६५ मेगाहर्ट्झ. या मॉनिटरला ६० हर्ट्झला नुसते दिसणारे पिक्सेलच २२ कोटी लागतात! सुरुवातीच्या एचडीएमआयची मर्यादाही तीच. २००६ च्या १.३ आवृत्तीने ती ३४० मेगाहर्ट्झवर नेली खरी, पण प्रत्येक कार्डाने ती पाळली थोडीच!

तेव्हा खिशात हात घालण्याआधी कार्डाची मागची बाजू बघा. डिस्प्लेपोर्ट आहे? तोच वापरा. दोन्हीकडे ड्युअल-लिंक डीव्हीआय आहे? मग २४ पिनांची केबल घ्या, १८ ची नको. काहीच नाही? ३० हर्ट्झ लावून बघा. माउस जरा अडखळेल, कोड वाचता येईल.

माझा खरा राग आहे खोक्यावर. 'एचडीएमआय' ठळक छापतात, पण मेगाहर्ट्झ किती ते गुलदस्त्यात! एक आकडा छापायचा कंटाळा, आणि धडधाकट कार्डं भंगारात.

असो. यापुढे कोणी "जुनं झालं" म्हणालं, तर एवढंच विचारा: पोर्ट कुठला, मेगाहर्ट्झ किती?