चावडीवरची नोटीस आणि माहेरचा सातबारा

जमिनीची मालकी कशाने सिद्ध होते, या प्रश्नाला आपल्याकडे बहुतेकांचे एकच उत्तर असते : सातबाराने. कोरेगाव तालुक्यातील वासना नदीकाठचा बागायतदार असो, की उत्तर भागातला घेवडा पिकविणारा जिरायतदार असो, उताऱ्यावर नाव लागले की जमीन आपली झाली, अशी त्याची श्रद्धा असते. ही श्रद्धा अर्धीच खरी आहे. आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत अनेक कुटुंबांना दिवाणी न्यायालयात मोजावी लागते.

खरेदीने होणारे हस्तांतर दोन दारांतून जाते. पहिले दार दुय्यम निबंधकाचे. १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार शंभर रुपये वा त्याहून अधिक मोलाच्या स्थावराचे खरेदीखत नोंदवावेच लागते, आणि सही झाल्यापासून चार महिन्यांत ते हजर करावे लागते. मात्र विकणाराच खरा मालक होता काय, याचा अंतिम निवाडा निबंधक करीत नाही. दुसरे दार तलाठ्याचे. आता त्याचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाप्रमाणे तो गाव नमुना सहामध्ये फेरफार लिहितो, त्याची प्रत चावडीवर लावतो आणि हितसंबंधितांना नोटिसा देतो. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. त्यानंतर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबारा बदलतो. अशी नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानावी, इतकेच कायदा म्हणतो. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ पासून अनेकदा सांगितले आहे.

मग ही नोंद निरर्थक आहे काय? मुळीच नाही. पीककर्ज देणारी सोसायटी, भूसंपादनाचा मोबदला देणारे सरकार आणि जमीन घेऊ पाहणारा गिऱ्हाईक, सारे आधी तोच कागद मागतात. शिवाय या पद्धतीच्या मुळाशी एक जुने शहाणपण आहे. मराठेशाहीत वतनाचा व्यवहार वा तंटा गोतसभेपुढे येई. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार साक्षीला बसत आणि महजरावर पाटलाचा नांगर उमटे. व्यवहार चारचौघांसमोर झाला, हेच त्याचे बळ होते. चावडीवरची नोटीस ही त्या परंपरेची आजची वारस आहे. परंतु जी नोटीस कोणी वाचत नाही, ती लावली काय आणि न लावली काय, सारखेच!

खरी अडचण खरेदीखतापेक्षा वारसाहक्कात आहे. नोंदलेल्या दस्ताची वर्दी निबंधकाकडून महसूल खात्याकडे जाते. खातेदार मरण पावला, तर मात्र वारसांनी तीन महिन्यांच्या आत स्वतः वर्दी द्यावयाची असते. हे काम पुढे ढकलले जाते, आणि दोन दोन पिढ्या आजोबांच्या नावावर शेत कसत राहतात. मृतांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी शासनाला २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली, यातच रोगाची कबुली आहे.

आणि वर्दी दिली, तरी ती पुरी दिली जाते काय? वारस म्हणून मुलगे लिहिले जातात. सासरी गेलेली लेक राहून जाते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिला वडिलांच्या मालमत्तेत वारस मानले, २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरील शंकाही दूर केली. बहिणीला हक्क सोडावयाचा असेल तर तिने तो खुशाल सोडावा. पण त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते, आणि त्याआधी आपला हक्क किती, हे तिला ठाऊक असावे लागते. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही आणि समजून उमजून केलेली सही यांत अंतर आहे. नाव वगळल्याने तिचा हक्क बुडत नाही, हे खरे. पण तो मिळविण्यासाठी तिला भावाविरुद्धच दावा लावावा लागतो.

संगणक आल्याने हे सारे सुटेल, असे काहींना वाटते. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, ही सोय मोठी आहे. पण यंत्राला जी नावे सांगितली जातात, तेवढीच ते छापते. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८५८ मध्ये स्वीकारलेल्या पद्धतीप्रमाणे सरकारनेच मालकीची हमी द्यावी, अशीही सूचना होते. सूचना चांगली आहे. परंतु ज्या दप्तरात मृत मालक आहेत आणि जिवंत लेकी नाहीत, त्याची हमी कोणी व कशी द्यावी?

म्हणून आधी दप्तर खरे केले पाहिजे. मृत्यूची नोंद होताच वारसचौकशी आपोआप सुरू व्हावी. विवाहित मुलींना त्यांच्या सासरच्या पत्त्यावर नोटीस जावी. प्रलंबित फेरफार ग्रामसभेत मोठ्याने वाचले जावेत. यांतील पहिल्या दोन गोष्टी सरकारने करावयाच्या आहेत. तिसरीसाठी गावातले शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी पुरेसे आहेत. ज्याला वाचता येते, त्याने चावडीवरचा कागद वाचावा आणि ज्याच्याशी त्याचा संबंध आहे, त्याला पंधरा दिवसांच्या आत कळवावे.