हलत्या चित्रातून आलेली रेषा
अ‍ॅन टेल्नेस यांनी कॅलिफोर्नियात पात्र-अ‍ॅनिमेशन शिकून डिस्ने कंपनीत काम केले, पुढे राजकीय व्यंगचित्रांसाठी 2001 साली पुलित्झर मिळवले. अ‍ॅनिमेशन शिकणारा शरीराचा तोल, वजन, वाकणे टिपतो. सत्तेपुढची लाचारीही आधी पाठीच्या कण्यातच दिसते. ट्रम्प यांच्यापुढे वाकलेले धनाढ्य, त्यांत वॉशिंग्टन पोस्टचे मालक बेझोसही, असे टेल्नेस यांनी काढलेले चित्र पोस्टने छापले नाही, तेव्हा जानेवारी 2025 मध्ये त्यांनी तिथल्या नोकरीचा राजीनामा दिला. अ‍ॅनिमेशनची ही विद्या आपल्याला परकी नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1915 मध्येच आगकाड्या पडद्यावर नाचवल्या होत्या.

कुणी म्हणेल, व्यंगचित्राला विचार लागतो, हालचालीचे कसब ही नुसती सजावट. विचार हवाच, पण तो देहबोलीतूनच वाचकापर्यंत पोहोचतो. उदाहरणार्थ, बीडमधून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसांचे एक हत्यार करणारा हा शब्द, उचलीचे म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचे ओझे आणि मोळी पेलणारी मान एकाच चौकटीत आणायला वजनाची जाण असलेला हात लागतो. असा हात घडावा म्हणून पोट भरण्यासाठी अ‍ॅनिमेशनकडे वळणाऱ्या बीडच्या मुलांना मराठी वृत्तपत्रांनी राजकीय चित्रासाठी रोजची जागा आणि रीतसर मानधन द्यावे.