‘विल’चा जुलूम

आमच्या धाकटीचा अर्धा मार्क गेला. इंग्रजीच्या पेपरात तिने लिहिलं होतं, ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट सेव्हन फिफ्टीन टुमॉरो.’ बाईंनी ‘लीव्ह्ज’वर लाल काट मारून वर ‘विल लीव्ह’ केलं. का, तर उद्या म्हटलं की भविष्यकाळ आणि भविष्यकाळ म्हटला की ‘विल’!

अर्ध्या मार्काचं दुःख मला नाही. (ते तिच्या आईला आहे.) माझं भांडण या ‘विल’शी आहे. अहो, पुण्याहून डेक्कन क्वीन सव्वासातला सुटते. उद्याही सुटते, परवाही सुटते. वेळापत्रकात एकदा छापलं, की इंग्रज तिथे खुशाल साधा वर्तमानकाळ वापरतो. ‘विल’ म्हणाल तर चूक नाही, पण ‘लीव्ह्ज’ला काट कशासाठी? सूर्यही उद्या ‘राइजेस’ चालतो, कारण पंचांगवाल्यांनी त्याची वेळ छापलेली असते. पाऊस मात्र उद्या ‘रेन्स’ चालत नाही. पावसाचं वेळापत्रक वेधशाळेलाही मिळालेलं नाही.

आणि माणसांचं? तिकीट काढलं, सासूबाईंना कळवलं, की ‘आय ॲम लीव्हिंग’. नुसता मनात बेत आहे, तर ‘गोइंग टु लीव्ह’. साहेबाचा हुकूम आलाय, तर ‘आय ॲम टु लीव्ह’. ‘वी विल कम ऑन संडे’ म्हणणाऱ्या पाहुण्यासाठी मी चक्का आणत नाही. ‘वी आर कमिंग’ म्हणाला, की आणतो. ज्याला हा फरक कळत नाही, त्याच्या घरी श्रीखंड एक तर उरतं, नाही तर पुरत नाही.

खरं तर इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचं स्वतःचं रूपच नाही. ‘आय’ला ‘शॅल’ आणि ‘यू’ला ‘विल’ हा नियम 1653 साली जॉन वॉलिस यांनी मांडला, तोही लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात! गृहस्थ गणिती. अनंताचं ते आडव्या आठासारखं चिन्हही 1655 साली त्यांनीच आणलं. आता अनंत ज्याच्या खिशात, त्याला उद्याची काय मातब्बरी!

आपण मराठीत तरी काय करतो? आमचा सुतार गेले तीन महिने ‘उद्या येतो, साहेब’ हे वर्तमानकाळातच म्हणतोय. आणि बायकोने हाक मारल्यावर मी ‘आलोच!’ म्हणतो, तो तर चक्क भूतकाळ. त्या वेळी मी अजून पलंगावरच असतो.

हे सगळं घेऊन मी शाळेत गेलो. बाई भल्या. म्हणाल्या, “तुमचं बरोबर असेल हो, पण आमच्या आदर्श उत्तरात ‘विल’ आहे.” यावर काय बोलणार? निघताना सहज विचारलं, “पुढची चाचणी कधी?”

“इट स्टार्ट्स ऑन मंडे,” बाई म्हणाल्या.

रविवारी रात्री धाकटी वही घेऊन आली. “बाबा, मग मी काय लिहू?”

मी पेपर तोंडासमोर धरला आणि म्हटलं, “विल लिही.”