पंचांग आणि निवाडा

जॉन फोर्ड यांचा ‘यंग मिस्टर लिंकन’ (1939) हा चित्रपट राष्ट्राध्यक्षाच्या चरित्रावर असूनही त्यात राष्ट्राध्यक्षपद कोठेच येत नाही. येते ते एका होतकरू वकिलाचे तारुण्य. खुनाच्या खटल्यात साक्षीदार चांदण्याची ग्वाही देतो. लिंकन पंचांग उघडून दाखवितो की, त्या वेळी चंद्र मावळलेला होता. अशा पंचांगाचा आधार लिंकन यांनी प्रत्यक्षात घेतला तो 1858 मध्ये, वयाच्या 49व्या वर्षी. पटकथेने तो खटला सुमारे दोन दशके मागे ओढला आणि खरा खुनी म्हणून त्या साक्षीदाराचीच कबुलीही वर जोडली. वास्तवात आरोपी सुटला, इतकेच. पुढे मोठा झालेला माणूस आधीपासूनच मोठा होता, हे ठसविण्याची चरित्रपटाची ही जुनीच खोड आहे.

मराठीत याचे जोडचित्र शोधताना आपले अभ्यासक राजपुरुषांवरील चित्रपटांकडे वळतात. मला ते प्रभातच्या ‘रामशास्त्री’त (1944) दिसते. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव होता की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. तुलना म्हटली की प्रभावाचा माग काढीत बसायचे, या सवयीने आपले पुष्कळ नुकसान केले आहे. फोर्डच्या न्यायालयात सत्य सिद्ध होते आणि जिंकते. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर रामशास्त्र्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. पण ते अमलात आणणार कोण? शास्त्री पुणे सोडून गेले. राघोबादादा पुढे दहा वर्षे जगले. निवाडा खरा, आणि तरीही निष्फळ! गजानन जागीरदारांची करारी मुद्रा पाहताना प्रेक्षकाला हे निष्फळत्व जाणवत नाही. त्याला विजयच वाटतो. आणि तेथे प्रभातही फोर्डच्या वाटेने जाते.

येथे रायपुरात वर्गात हे मांडले, तेव्हा एका छत्तीसगढी विद्यार्थ्याने विचारले, ‘‘त्याच काळी रतनपुरात बिंबाजी भोसल्यांचा अंमल होता. आमच्या गावच्या माणसाने दाद कोणाकडे मागायची?’’ बिंबाजी 1787 पर्यंत तेथे होते, हे मला ठाऊक होते. रतनपूरच्या रयतेच्या बाजूने त्या काळाकडे पाहणारे मराठी पुस्तक मात्र मला चटकन सांगता आले नाही. आमची शास्त्र्यांवरील भक्ती पुण्याच्या वेशीपाशी थांबते काय, हा त्याचा खरा प्रश्न होता. पुढच्या तासाला मी त्यालाच टिपण वाचावयास सांगितले आहे.