कनवट, पदर आणि खिसा

पुरुषाच्या अंगावर खिसे किती असतात, हे एकदा मोजून पाहावे. सदऱ्याला एक, पाटलोणीला बाजूंचे दोन आणि मागचे दोन, जीन पँट असेल तर उजव्या खिशाच्या तोंडाशी आणखी एक पिल्लू. वर कोट चढवला की बाहेरचे तीन आणि आतला निदान एक. म्हणजे लग्नाच्या मांडवात उभ्या असलेल्या बेताच्या मिळकतीच्या गृहस्थाच्या अंगावर सहज नऊ-दहा खिसे निघतात, आणि त्यांतल्या सहा-सातांत काहीही नसते! शेजारी त्याची पत्नी उभी असते. घरातले बहुतेक सोने तिच्या अंगावर असते. खिसा मात्र एकही नसतो. आहेराची पाकिटे गोळा झाली की ती तिच्या पर्समध्ये कोंबायची, पर्स कुणाच्या तरी मांडीवर द्यायची, आणि मग जेवणाच्या पंगतीपर्यंत "पर्स कुठाय, पर्स कुठाय" म्हणून जीव टांगणीला लावायचा.

एरवी या सदराला पाऊण पान मिळते. दिवाळी अंकात संपादकांचा हात सैल असतो, तेव्हा बरेच दिवस मनात घोळणारा हा खिशाचा विषय या वेळी मोकळेपणाने काढते. फराळाचे ताट हाताशी असेल तर एक चकली घ्या आणि वाचा.

'खिसा' हा शब्द मुळात फारसीतला. 'कीसा' म्हणजे पिशवी. मराठीत तो आला आणि पुरुषाच्या कपड्यांत जाऊन बसला. आपल्या बायकांची पैशाची भाषा मात्र त्याच्याही आधीची दिसते. स्वतःचे पैसे खर्च करायचे म्हणजे पदरमोड करायची. पदरचे चार पैसे घालायचे. नशिबाने मिळेल ते पदरी पडायचे. गंमत अशी की, अंगावर पदर नसलेले गृहस्थही सभेत उभे राहून "मी पदरमोड करून संस्था चालवली" असे खुशाल सांगतात. पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात नाणे किंवा किल्ली ठेवणारी बाई कधीच दिसेनाशी झाली, पण तिची गाठ भाषेत अजून सुटलेली नाही.

आणि पदराहूनही पक्की जागा म्हणजे कनवट. तरुण वाचकांपैकी पुष्कळांनी हा शब्द ऐकला नसेल. नऊवारी लुगडे नेसताना ते कमरेभोवती घेऊन गाठ मारतात. त्या गाठीपाशी कापडाची जी वळकटी होते तीत पैसे गुंडाळून, पीळ देऊन खोचायचे, ती कनवट. तिला ना शिवण, ना बटण, ना चेन. कमरेचा दाब आणि कापडाचा पीळ एवढ्यावर पैसा जागच्या जागी राही. बाई वाकली, बसली, पाण्याची कळशी कमरेवर घेऊन जिना चढली, तरी नाणे हलत नसे. शिवाय समोर ओचा होता. अंगणातली फुले, परसातल्या शेंगा, वाटेत भेटलेल्या नातवाला द्यायचे चार शेंगदाणे, सारे त्या ओच्यात. अशा रीतीने नऊ वार न शिवलेल्या कापडात दोन-तीन खिसे होते आणि ते काम संपल्यावर नाहीसे होत. हे कुणा एका शहाण्याने आखले नव्हते. शेकडो वर्षे ज्यांना वाकावे, बसावे, वाहावे लागले त्या बायकांनीच नेसता नेसता ते बसवले.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगितले पाहिजे की, त्या काळी पुरुषांनाही खिसे नव्हते. धोतरालाही कनवटच असे. पुरुषांना खिसा मिळाला तो कोटाबरोबर. आणि कोट, बायांनो, हा खुंटीवर टांगायचा असतो!

ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पुण्यात शिरले, तेव्हा मी सात वर्षांची होते. आमचे बिऱ्हाड नदीच्या बाजूच्या एका वाड्यात तळमजल्यावर होते. "पाणी आलं, पळा" असा ओरडा झाला आणि माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. आजोबा धोतर-बनियनवर बाहेर पडले. त्यांचा काळा लांब कोट खुंटीवर राहिला, आणि त्याच्या खिशांत पाकीट, घड्याळ, चश्मा आणि त्या महिन्याचा राहिलेला पगार. आजीच्या एका काखेत माझा धाकटा भाऊ होता, दुसऱ्या हातात माझे मनगट होते. तिने घरातून काहीही उचलले नाही. उचलायला तिसरा हात कुठून आणणार? रात्री एका शाळेच्या वर्गात आम्ही टेकलो तेव्हा तिने भिंतीकडे तोंड करून कनवट सोडली. सात रुपये आणि ट्रंकेची किल्ली निघाली. ट्रंक वाहून गेली होती. किल्ली तेवढी राहिली. पुढचे दोन दिवस आम्हां पाच माणसांचा चहा आणि भावाचे दूध त्या सात रुपयांवर झाले. आजोबांनी तिला एकदाच विचारले, "हे कुठले?" ती म्हणाली, "माझे." एवढेच.

आजीने नऊवारी शेवटपर्यंत सोडले नाही. माझ्या आईने गोल पातळ धरले, आणि ते योग्यच केले असे मला वाटते. शाळेत, कचेरीत, बसच्या पायरीवर ते सोयीचे होते. धुवायला हलके, वाळायला सोपे. पण या बदलात एक गोष्ट हिशेबाबाहेर निसटली. गोल पातळ परकराच्या नाडीत खोचायचे असते. तिथे गाठ नाही, म्हणून कनवट नाही. ओचाही गेला. किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवता येई, पण पैसा टिकेना. मग बायकांनी पोलक्याचा आसरा घेतला. रुमाल, बसचे तिकीट, घडी केलेली नोट असा सगळा संसार तिथे मावू लागला. याविषयी अधिक लिहीत नाही. भगिनींना ठाऊक आहे आणि बंधूंना ठाऊक असण्याचे कारण नाही.

मग आली पर्स. पर्सला माझा विरोध नाही. माझ्याकडे चार आहेत. पण पर्स म्हणजे खिसा नव्हे. खिसा अंगाबरोबर चालतो, पर्स सांभाळावी लागते. ती खाली ठेवली की विसरते, काखेत धरली की एक हात कायमचा तिच्या नोकरीला लागतो. बाजारात पिशवी एका हातात, पोर दुसऱ्या हातात, मग पर्स कुठे? ती दातांत धरून पैसे मोजणाऱ्या बायका मी मंडईत पाहिल्या आहेत. आणि त्यांच्यासमोर बसलेली भाजीवाली पाहा! तिच्या कमरेला खोचलेली कापडी पिशवी असते. एका हाताने ती बाहेर येते, मोड देऊन होते, पिशवी पुन्हा आत जाते, दुसरा हात तराजूवरून हलत नाही.

हे आपल्याकडेच घडले असेही नाही. इंग्लंडात सतराव्या-अठराव्या शतकांतल्या बायका झग्याच्या आत कमरेला फितीने बांधलेल्या दोन पिशव्या वागवीत. झग्याला बाजूने चिरा ठेवलेल्या असत, त्यांतून हात आत घालायचा. पिशव्या चांगल्या ऐसपैस. कात्री, अंगुस्तान, किल्ल्या, खाऊ, काय हवे ते मावे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अंगासरशी पडणाऱ्या, उंच कमरेच्या झग्यांची टूम निघाली. आत फुगीर पिशवी असली की झग्याची पड बिघडे. तेव्हा पिशवी बाहेर आली, नाजूक झाली आणि मनगटाला लटकली. तीच आपल्या पर्सची आजी. टूम पुढे बदलली, पण बाईचे कपडे बेतणाऱ्याच्या डोक्यात एक गोष्ट बसली ती बसलीच: खिशाने आकार बिघडतो.

जीन पँटची कथा याहून मासलेवाईक आहे. ती जन्मालाच आली खिशापायी. अमेरिकेत नेवाडा प्रांतातल्या रीनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. सांगतात की, एका मजुराची बायको त्याच्याकडे आली आणि नवऱ्याच्या विजारी टिकत नाहीत, भक्कम शिवून द्या, म्हणाली. डेव्हिसने खिशांच्या कोपऱ्यांना, जिथे कापडावर ताण येतो तिथे, तांब्याचे रिव्हेट ठोकले. लेव्ही स्ट्रॉस या व्यापाऱ्याला भागीदार करून त्याने २० मे १८७३ रोजी त्याचे पेटंट घेतले. ते पिल्लू खिसेही तेव्हापासूनचे, साखळीच्या घड्याळासाठी केलेले. घड्याळे गेली, खिसा राहिला. बाईने नवऱ्यासाठी मागितलेल्या या वस्त्राची बायकांसाठी बेतलेली आवृत्ती त्या कंपनीने काढली १९३४ साली, म्हणजे एकसष्ट वर्षांनी. आणि आज? २०१८ साली अमेरिकेतल्या एका नियतकालिकाने वीस लोकप्रिय कंपन्यांच्या जीन पँटी आणून टेप लावला. बायकांच्या पँटीचा पुढचा खिसा पुरुषांच्या खिशाहून सरासरी ४८ टक्के आखूड आणि साडेसहा टक्के अरुंद भरला. काही तयार कपड्यांना तर खिशाचे नुसते तोंड असते, आत शिवून टाकलेले. दाराचे चित्र काढलेली भिंत म्हणावी तसे!

"मग काय झाले? मुलींना पर्स शोभते," असे कुणी म्हणेल. काय होते ते मी ठाण्याच्या फलाटावर रोज पाहते. २०१६ साली यूपीआय आले आणि पाहता पाहता पैसा फोनमध्ये जाऊन बसला. माझ्या नातीच्या फोनमध्ये तिचा पगार आहे, रेल्वेचा पास आहे, घरच्यांचे नंबर आहेत. म्हणजे ती कनवटच की! वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, जुन्या पावशेराहून थोडे कमी. आणि ही कनवट ती हातात घेऊन गर्दीच्या गाडीत चढते, कारण कुर्त्याला खिसा नाही आणि दाटीत खांद्यावरच्या पर्सची चेन उघडायला जागा नाही. रुळांलगत उभे राहून, दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठी मारून फोन पाडणाऱ्यांना मुंबईत 'फटका गँग' असे नावच पडले आहे. अशा झटापटीत माणसे गाडीखाली गेलेली आहेत. तेव्हा खिसा हा नखऱ्याचा विषय आहे, असे मला कुणी सांगू नये.

नातीचा ड्रेस घेऊन मी आमच्या शिंप्याकडे गेले. माणूस कसबी आहे, पण खिसा म्हटल्यावर त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "काकू, खिशानं फिटिंग जातं."

"तुमच्या पाटलोणीचं कसं जात नाही?"

तो हसला आणि त्याने कुर्त्याच्या बाजूच्या शिवणीत एक खिसा लावून दिला. त्यात फोन टाकताच कुर्ता एका अंगाला ओढला गेला, गळा तिरपा झाला. "बघा!" तो म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण तो दोष खिशाचा नव्हता, तो खिसा कशाला टांगला याचा होता. पावशेराचे ओझे पातळ सुताच्या शिवणीवर टाकले तर ती खेचणारच. ओझे कमरेने घ्यायला हवे.

इथे मला तांब्या आठवला. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याला आपल्या सरकारने बोलावले होते, आणि १९५८ साली त्यांनी भारतातल्या वस्तूंच्या आखणीविषयी एक अहवाल दिला. १९६१ साली अहमदाबादेत जी राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली तिचे मूळ त्या अहवालात आहे. देशभर हिंडून त्यांना सर्वांत सुंदर वाटला तो साधा तांब्या. तो नव्याने घडवायचा तर काय काय विचारावे लागेल, याची त्यांनी भलीमोठी यादी दिली आहे: पाणी किती, ते डोक्यावरून न्यायचे की कमरेवरून, ओतताना तोल कसा राहील, आतून घासता येईल का, खाली ठेवताना आवाज कसा येईल. त्या यादीत एक प्रश्न हाताचाही आहे: धरणारा हात केवढा, त्यात जोर किती, आणि तो बाईचा की पुरुषाचा.

मी दुसऱ्या दिवशी नातीलाच दुकानात नेले. पुठ्ठ्यावर तिचा हात ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. पिशवीचे तोंड मिटलेली मूठ जाईल एवढे, खोली मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत, आणि वर दोन बोटे जास्त. कापड जाड मांजरपाट. ही पिशवी कुर्त्याला लावायचीच नाही. सलवारीच्या नेफ्यात तिची वरची कड धरायची, म्हणजे भार नाडीवर, पर्यायाने कमरेवर. आणि हात पोचायचा कसा? कुर्त्याला बाजूने चीर असतेच! शिंप्याने पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. मग एवढेच विचारले, "उजवीकडे की डावीकडे?"

नात डावरी आहे. गाडीत कडी धरायला तिला डावा हात लागतो, म्हणून खिसा उजवीकडे ठरला. कापड दोन वितींहून अधिक लागले नाही. शिलाई त्याने पन्नास रुपये जास्त घेतली. मी घासाघीस केली नाही.

परवा दिवाळीची पोलकी आणायला गेले तर तो पुठ्ठा त्याने फेकलेला नव्हता. वर भोक पाडून कात्रीशेजारच्या खिळ्याला टांगला होता, आणि त्यावर पेन्सिलीने आणखी दोन हात काढलेले होते. एक लहान, एक चांगला रुंद.