मुदत ठरलेली, तारीख मर्जीची

सभागृहाची मुदत किती असावी आणि नव्या सभागृहासाठी मतदान नेमके कोणत्या दिवशी व्हावे, हे दोन प्रश्न एकच असल्यासारखे मांडले जातात. परंतु भारतीय संविधानाने त्यांतील पहिल्याचेच उत्तर दिले आहे आणि दुसरा बऱ्याच अंशी सत्तेवर असलेल्यांच्या सोयीवर सोडला आहे. अनुच्छेद १७२ नुसार विधानसभेची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षे असते, पण त्याआधी तिचे विसर्जन होऊ शकते. विसर्जन म्हणजे संपूर्ण सभागृहच संपुष्टात आणणे. ते राज्यपालांच्या नावे होत असले तरी बहुमत असलेल्या मुख्यमंत्र्याचा सल्ला त्यामागे असतो. महानगरपालिका व नगरपालिका यांच्याबाबत अनुच्छेद २४३ यू अधिक कडक आहे: मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. जिल्हा परिषदांसाठी अनुच्छेद २४३ ई हेच सांगतो. एके ठिकाणी घाईची मुभा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी विलंबाला मनाई आहे. प्रत्यक्षात खानदेशाने, विशेषतः जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांनी, घाईही भोगली आहे आणि विलंबही. मतदानाचा दिवस कायद्यात लिहिलेला असावा, तो मागे-पुढे करण्याचा अधिकार कोणत्याही पक्षाच्या सरकारकडे असू नये, हा या लेखाचा पक्ष आहे.

पूर्वपक्षाचे पहिले म्हणणे असे की जनतेचा कौल पुन्हा मागणे हा नेत्याचा लोकशाही हक्क आहे आणि तो काढून घेणे म्हणजे जनतेलाच बोलण्यापासून रोखणे होय. हे म्हणणे पोकळ नाही. एखाद्या मूलभूत प्रश्नावर सभागृह दुभंगले असेल, तर मतदारांकडे जाण्याइतका सरळ मार्ग दुसरा नाही. मात्र महाराष्ट्रात हा हक्क कसा वापरला गेला, हे पाहिले म्हणजे त्या तत्त्वाचे तेज उतरते. मार्च १९९५ मध्ये अस्तित्वात आलेली विधानसभा मार्च २००० पर्यंत चालू शकत होती. शिवसेना-भाजप युतीच्या नारायण राणे मंत्रिमंडळाने ती सुमारे सहा महिने आधी विसर्जित करवून घेतली आणि सप्टेंबर १९९९ मध्ये लोकसभेबरोबरच विधानसभेचेही मतदान झाले. त्या वेळी राज्यात असा कोणता पेच होता की जो मतदारांवाचून सुटणार नव्हता? पेच विरोधकांच्या घरात होता. शरद पवार मे महिन्यात काँग्रेसमधून निष्कासित झाले होते आणि १० जून १९९९ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना झाली होती. दुभंगलेल्या प्रतिपक्षाला सावरण्यास वेळ मिळू नये, हा हिशेब त्या तारखेत स्पष्ट दिसतो. एकत्र मतदानाने खर्च वाचतो, हे समर्थन करता येते; पण मग तोच खर्च २००४ मध्येही वाचवता आला असता, आणि त्या वर्षी लोकसभेचे मतदान उन्हाळ्यात व विधानसभेचे ऑक्टोबरात झाले.

यावर पूर्वपक्ष हसून सांगतो की डाव फसलाच ना! युतीला १२५ जागा मिळाल्या, स्वतंत्र लढलेले काँग्रेस व राष्ट्रवादी हे पक्ष १३३ जागांसह निकालानंतर एकत्र आले आणि विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. २००४ मध्ये अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारनेही लोकसभा काही महिने आधी विसर्जित केली व सत्ता गमावली. मतदार लबाडी ओळखतो, तेव्हा कायद्याची गरजच काय, असा हा युक्तिवाद. त्यात दोन दोष आहेत. पहिला असा की उदाहरणे सोयीने निवडली आहेत: इंदिरा गांधींनी डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा वर्षभर आधी विसर्जित केली आणि प्रचंड बहुमत मिळवले; के. चंद्रशेखर राव यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये तेलंगणाची विधानसभा आधीच विसर्जित केली आणि डिसेंबरात ११९ पैकी ८८ जागा जिंकल्या. दुसरा दोष अधिक खोल आहे. स्पर्धेचा निकाल काय लागला यावरून स्पर्धेचे नियम न्याय्य होते की नाही, हे ठरत नाही. खेडा खरेदीला आलेला व्यापारी स्वतःचाच वजनकाटा घेऊन येतो आणि कधी कधी त्यालाही तोटा होतो. म्हणून काटा त्याच्याच हाती असावा, असे कोणताही कापूस उत्पादक म्हणणार नाही.

शिवाय १९९९ च्या निर्णयाचा एक परिणाम असा आहे की ज्याची चर्चा क्वचितच होते. १९९० आणि १९९५ ची विधानसभा निवडणूक हिवाळ्याच्या अखेरीस झाली होती. १९९९ ला घड्याळ पुढे सरकवले गेले आणि तेव्हापासून २००४, २००९, २०१४, २०१९ या चारही निवडणुका ऑक्टोबरात व २०२४ ची २० नोव्हेंबरला झाली. खानदेशात हे दिवस कापूस वेचणीचे, रब्बीच्या तयारीचे आणि दिवाळीचे असतात. मजूर मिळत नाहीत म्हणून शेतकरी कुटुंबाचा प्रत्येक हात शेतात असतो. एका मंत्रिमंडळाने एका वर्षी आपली सोय पाहिली आणि पाव शतकाचे वेळापत्रक बदलले. त्यासाठी विधिमंडळात कोणी कारणे मांडली नाहीत आणि कोणाला उत्तरही द्यावे लागले नाही.

मुदत पूर्ण भरली तरी तारखेचा प्रश्न सुटत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार मुदत संपण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत केव्हाही निवडणुकीची अधिसूचना निघू शकते. २०१९ मध्ये महाराष्ट्र व हरियाणा यांचे मतदान एकाच दिवशी, २१ ऑक्टोबरला झाले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये मात्र निवडणूक आयोगाने हरियाणा व जम्मू-काश्मीर यांचा कार्यक्रम जाहीर केला आणि महाराष्ट्राचा नंतर. मधल्या काळात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा दीड हजार रुपयांचे हप्ते खात्यांत जमा होत होते. आयोगाने आपली कारणे दिली होती आणि ती खोटी मानण्यास पुरावा नाही. परंतु तारीख आधीपासून कायद्यात असती, तर संशय घेण्यासही जागा उरली नसती आणि आयोगाला खुलासा करण्याची वेळही आली नसती.

पूर्वपक्षाचे दुसरे म्हणणे अधिक वजनदार आहे. सरकार पडले, पर्यायी बहुमत जुळत नाही आणि सभागृहही विसर्जित करता येत नाही, अशा स्थितीत राज्य अडकून पडेल, आणि ब्रिटननेही निश्चित मुदतीचा प्रयोग करून तो सोडला, असे दाखवले जाते. ब्रिटनचा दाखला खरा आहे पण अपुरा आहे. २०११ च्या कायद्याने तेथील संसदेची मुदत निश्चित झाली. २०१७ मध्ये दोन-तृतीयांश मतांनी आणि २०१९ मध्ये साध्या बहुमताने केलेल्या एका छोट्या स्वतंत्र कायद्याने ती तोडण्यात आली आणि २०२२ मध्ये मूळ कायदाच रद्द झाला. जो नियम साध्या बहुमताने वळसा घालून ओलांडता येतो तो नियम टिकत नाही, एवढेच यातून सिद्ध होते. नॉर्वेच्या संविधानात संसद मुदतीपूर्वी विसर्जित करण्याची तरतूदच नाही, आणि तेथील राज्यकारभार त्यामुळे ठप्प झालेला नाही. तेथे पक्षांना वाटाघाटी करून अल्पमताचे सरकार चालवावे लागते. जर्मनीत विधायक अविश्वास ठरावाची पद्धत आहे, म्हणजे चॅन्सेलरला हटवणाऱ्या सभागृहाने त्याच मतदानात त्याचा उत्तराधिकारी निवडावा लागतो. १९८२ मध्ये हेल्मुट श्मिट यांच्या जागी हेल्मुट कोल याच मार्गाने आले. खऱ्या पेचासाठी अपवाद ठेवता येतो. तो अपवाद सभागृहाच्या हाती असावा, मुख्यमंत्र्याच्या खिशात नसावा. महाराष्ट्राने अपवादाचे आणखी वाईट रूपही पाहिले आहे: १९७८ ची विधानसभा फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्राच्या निर्णयाने बरखास्त झाली, तेव्हा जळगाव जिल्ह्यातील प्रतिभाताई पाटील विरोधी पक्षनेत्या होत्या आणि सत्तेतील पुलोदच्या (पुरोगामी लोकशाही दलाच्या) सरकारसह सारे सभागृहच गेले.

घाईपेक्षा विलंबाचे प्रकरण मोठे आहे आणि त्यावर पूर्वपक्ष बहुधा गप्प बसतो. जळगाव महानगरपालिकेच्या ७५ जागांसाठी ऑगस्ट २०१८ मध्ये मतदान झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये मुदत संपली. धुळे महानगरपालिकेच्या ७४ जागांची निवडणूक डिसेंबर २०१८ ची. तिची मुदत डिसेंबर २०२३ अखेर संपली. दोन्ही शहरांत पुढचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, जानेवारी २०२० मध्ये निवडून आलेल्या धुळे जिल्हा परिषदेची २०२५ च्या आरंभी. २०२५ संपले तरी दोन्हींकडे मतदान झालेले नव्हते. जेथे संविधान ‘त्याहून अधिक नाही’ असे म्हणते, तेथे हे घडले. कोणी मुदत वाढवली नाही, हे खरे. सदस्य घरी गेले आणि त्यांच्या जागी प्रशासक, म्हणजे निर्वाचित मंडळाचे अधिकार एकट्याने वापरणारा शासननियुक्त अधिकारी, बसला. अक्षराचे पालन झाले आणि आशय हरवला.

या विलंबाचे समर्थक इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा दाखला देतात. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी प्रकरणात तिहेरी चाचणी बंधनकारक केली, म्हणजे स्वतंत्र आयोगाकडून मागासलेपणाची पाहणी, प्रत्येक संस्थेनुसार प्रमाण आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत. ती पूर्ण होईपर्यंत थांबणे भाग होते, असा त्यांचा मुद्दा आहे. आरक्षणाचा प्रश्न खराच गंभीर आहे आणि त्याचा उपहास करण्याचे कारण नाही. परंतु त्याच निकालाने ज्या जिल्हा परिषदांतील जागा रद्द झाल्या त्यांत धुळ्याची होती, आणि तेथे महासाथीचा काळ असूनही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी पोटनिवडणूक झाली. पुढे जुलै २०२२ मध्ये, या चाचणीसाठी नेमलेल्या बांठिया आयोगाच्या अहवालाच्या आधारे न्यायालयाने मार्ग मोकळा केला होता. त्यानंतर काही आठवड्यांतच नव्या सरकारने आधीच्या सरकारने बदललेली प्रभागरचना व सदस्यसंख्या पुन्हा बदलली आणि प्रकरण परत न्यायालयात अडकले. प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेणारा कायदा मार्च २०२२ मध्ये महाविकास आघाडीच्या काळात झाला आणि त्याचा लाभ महायुतीने घेतला. या बाबतीत दोन्ही आघाड्यांचे एकमत होते, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने चार आठवड्यांत अधिसूचना काढण्याचा आदेश दिला, आणि तरीही मुदत जानेवारी २०२६ अखेरपर्यंत वाढवून द्यावी लागली.

प्रशासकाच्या काळात कामे वेगाने होतात, नगरसेवकांची भांडणे नसतात, असे शहरांतील सुशिक्षित वर्ग पुष्कळदा म्हणतो. अंदाजपत्रक मांडणारा आयुक्त आणि ते मंजूर करणारा प्रशासक ही एकच व्यक्ती असेल, तर वेग येणारच. पण वाघूर धरण भरलेले असताना जळगावच्या एखाद्या भागात पाणी का येत नाही, धुळ्याच्या एखाद्या वस्तीतील गटार का उघडे आहे, हे भर सभेत विचारण्याचा अधिकार असलेली व्यक्तीच त्या काळात अस्तित्वात नसते. या युक्तिवादाला खानदेशी इतिहासाचेही उत्तर आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले तेव्हा प्रांतिक निवडणुका तोंडावर होत्या. १९३७ च्या आरंभी निवडलेल्या मुंबई प्रांताच्या विधानसभेची मुदत १९३५ च्या कायद्यानुसार पाच वर्षे होती, पण पुढचे मतदान १९४६ मध्ये झाले, आणि १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यानंतर कलम ९३ खाली गव्हर्नरचा कारभार चालला. तोही कारभार कार्यक्षम म्हणवला जात असे. महायुद्धाचे कारण तरी त्या सरकारकडे होते.

निश्चित तारखेचा आग्रह म्हणजे ‘एक देश, एक निवडणूक’ योजनेचे समर्थन, असा गैरसमज येथे दूर केला पाहिजे. १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडलेल्या १२९ व्या घटनादुरुस्ती विधेयकात मध्यावधी निवडलेल्या विधानसभेला केवळ उरलेली मुदत मिळते; स्वीडनमध्येही अशी तरतूद आहे आणि तिच्यामुळे लवकर निवडणुकीचा मोह कमी होतो, हे मान्य करावे लागते. परंतु एखाद्या राज्याची निवडणूक लोकसभेबरोबर घेणे शक्य नसल्याचे निवडणूक आयोगाला वाटल्यास ती पुढे ढकलण्याची वाट त्याच विधेयकात ठेवली आहे, आणि महापालिका व जिल्हा परिषदांना तर त्याने स्पर्शही केलेला नाही. तारीख एकच असण्यापेक्षा ती कोणाच्याही मर्जीत नसणे महत्त्वाचे आहे.

विधानसभेसाठी घटनादुरुस्ती लागेल आणि ती दूरची गोष्ट आहे. स्थानिक संस्थांसाठी मात्र ती लागत नाही. अनुच्छेद २४३ के व २४३ झेडए यांनी या निवडणुकांविषयी कायदे करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाला दिला आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात आणि १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्यात मतदानाचा ठरावीक आठवडा लिहिता येईल, खानदेशापुरते बोलायचे तर वेचणी आटोपल्यानंतरचा व परीक्षांपूर्वीचा. मतदानाआधीच्या वर्षात प्रभागांची संख्या व रचना बदलण्यास बंदी घालता येईल. आरक्षणाचा वाद प्रलंबित असल्यास मागील निवडणुकीच्या आरक्षणावर मतदान आपोआप व्हावे, असे म्हणता येईल. आणि प्रशासकाचे अधिकार सहा महिन्यांनंतर केवळ वेतन, पाणी व सफाई यांपुरते उरतील, जेणेकरून त्याच्या हातून नवे ठेके देण्याची सोयच राहणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातून अकरा व धुळे जिल्ह्यातून पाच असे सोळा आमदार निवडून आले आणि ते सोळाही सत्ताधारी महायुतीचे आहेत. या बदलांचे विधेयक मांडण्यासाठी त्यांपैकी कोणालाही विरोधकांची परवानगी घ्यावी लागणार नाही.