लक्ष्मीपूजनाची वही आणि शरीयतेचा व्यवहार

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी सेलूच्या कापूसपेठेत नव्या वह्या पाटावर मांडल्या जातात, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, ‘श्री’ लिहिला जातो आणि हिशेबाची पुस्तके त्या रात्रीपुरती लक्ष्मीस्वरूप होतात. १९८९ पासून सर्वांचे हिशेबी वर्ष ३१ मार्चला संपू लागले, आणि आता तर खरा हिशेब संगणकात असतो. तरीही वही पाटावरून उतरलेली नाही, याचा आम्हांस आनंदच वाटतो. मात्र तिच्या पानांत एकदा नीट डोकावून पाहावे. जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, नफा, कर्ज आणि खुद्द हिशेब, हे सारे शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. आणि कुराणातील सर्वांत दीर्घ आयत, दुसऱ्या अध्यायातील २८२ वी, सांगते तेही हेच की, मुदतीचे कर्ज लिहून ठेवावे, लिहिणारा निःपक्षपाती असावा, दोन साक्षीदार घ्यावेत. वहीचे महत्त्व ओळखण्यात दोन्ही धर्मपरंपरा फारशा दूर नाहीत.

सेलू तालुक्यातील वालूर हे गाव वाचकांस तेथील चक्राकार पायऱ्यांच्या बारवेमुळे ठाऊक असेल. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. अशा गावांतून हिंदू व मुसलमान यांची देवस्थाने वेगळी असली तरी देणेघेणे कधीच वेगळे नव्हते. कापूस एकाने पिकवावा, दुसऱ्याने उचलावा, बियाण्याला पैसा तिसऱ्याने द्यावा. शरीयतेने व्याज निषिद्ध मानले आहे, आणि गाव तर उधारीवर चालते. मग मुसलमान शेतकऱ्याने वा दुकानदाराने करावे काय, हा प्रश्न ‘त्यांचा’ म्हणून बाजूस सारण्याची आपल्याकडे रीत आहे. आमच्या समजुतीप्रमाणे तो आपलाही आहे, कारण त्याच्या उत्तरातून जे मार्ग निघाले त्यांवरून आपलीही जमीन गेली आहे.

व्याजाविषयी आपले धर्मशास्त्र निषेधाऐवजी मर्यादा सांगते. मनुस्मृतीत वसिष्ठाचा म्हणून दिलेला दर महिन्याला ऐंशीवा भाग, म्हणजे वर्षाला शेकडा १५ पडतो. (त्याच ठिकाणी वर्णपरत्वे दोनापासून पाचापर्यंत चढता मासिक दरही दिला आहे, हे लपविण्यात अर्थ नाही.) एकवेळी घ्यावयाचे व्याज मुद्दलासह दुपटीपलीकडे जाऊ नये, हाच दामदुपटीचा नियम. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी तो मानला. परंतु ऋणको हिंदू असेल तरच. ऋणको मुसलमान असेल तर दामदुपट नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १८९३ साली दिला. त्याच्या धर्मात तर व्याजच नाही, मग व्याजाला मर्यादा कोठून येणार? युक्तिवाद बिनतोड दिसतो. पण १८५५ च्या कायद्याने करारात ठरलेले व्याज न्यायालयांनी देववावे असे आधीच ठरून गेले होते. परिणाम असा झाला की, ज्याच्या धर्माने व्याज सर्वस्वी वर्ज्य केले होते, त्याच माणसावर व्याज अमर्याद चढू शकत होते! हिंदू कुणबी दुपटीवर सुटे, शेजारचा मुसलमान शेतकरी सुटत नसे. पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक देववू नये असे ऋणकोचा धर्म न पाहता ठरविले. दामदुपट अशा रीतीने सर्वांची झाली.

शरीयतेपुढे रूढीचे स्थान काय, याचे उत्तर ग्रंथांपेक्षा बागेत लवकर सापडते. रूढीला अरबीत ‘उर्फ’ म्हणतात. आपण दोन नावांच्या मध्ये लिहितो तोच हा शब्द. झाडावर फळ नीट दिसू लागण्यापूर्वी ते विकू नये, असा पैगंबरांचा आदेश हदीसमध्ये आहे. कारणही दिलेले आहे, आणि ते कोणत्याही शेतकऱ्याला पटावे: फळ आलेच नाही तर भावाचे पैसे कोणत्या हक्काने घेणार? आता आपल्याकडे पाहावे. आंब्याची वा मोसंबीची बाग मोहोरावरच मक्त्याने द्यावयाची ही जुनी चाल आहे, आणि घेणारे बहुधा बागवान, म्हणजे मुसलमान फळव्यापारी असतात. शेतकऱ्याला नड भागविण्यास रोख हवी असते, व्यापाऱ्याला माल हवा असतो. दमास्कसचे हनफी पंडित इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) यांच्यापुढे नेमका हाच पेच होता. झाडावर काही फळ दिसते, काही दिसावयाचे आहे, आणि सगळे शहर असेच सौदे करते. लोकांची गरज व रूढी पाहून त्यांनी अशा सौद्याला वाट करून दिली. निव्वळ मोहोरावरच्या सौद्याला मात्र ती वाट पुरत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर गारपीट कोसळली आणि बागा झोडपून निघाल्या, तेव्हा त्या जुन्या आदेशाचा अर्थ ग्रंथ न वाचणाऱ्यांनाही कळला असेल. अशा वेळी कायद्याला विचारतो कोण? चार जाणती माणसे बसतात आणि इसार किती परत, तोटा कोणाकडे किती, याची तोड काढतात. धर्म कोणाचाही असो, ती तोड मानली जाते.

रूढीचा हा सोज्वळ चेहरा झाला. दुसरा चेहरा इतका सोज्वळ नाही. व्याज घ्यावयाचे नाही पण पैसा तर लावावयाचा आहे, अशा अडचणीतून मध्य आशियातील बुखारा-समरकंदकडे ‘बय-बिल-वफा’ हा प्रकार रुळला. कर्ज न म्हणता जमिनीची विक्री म्हणावे. पैसे परत केले की जमीन परत, असे वचन द्यावे. आणि मधल्या काळात उत्पन्न घेणाऱ्याने खावे. हे व्याजच आहे, असे म्हणणारे पंडित होते. लोकांची गरज म्हणून चालवून घेणारेही होते. हिंदुस्थानात हा प्रकार पुढे सर्वधर्मी सावकारांनी उचलला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने त्यालाच ‘शर्तीच्या विक्रीने गहाण’ म्हणून ओळख दिली, म्हणजे ऋणकोला सोडवून घेण्याचा हक्क दिला. पण १९२९ साली त्यात एक पुरवणी आली: परतीची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर ते गहाण समजू नये.

सारा घात येथे झाला. सावकार खरेदीखत करून घेतो आणि ‘पैसे आणा, जमीन घ्या’ हा शब्द तोंडी देतो, फार तर वेगळ्या कागदावर. कुराणातली ती दीर्घ आयत आणि आपली वहीपूजा दोन्ही ज्याचा आग्रह धरतात, म्हणजे झाले तेच लिहावे, ते येथे पद्धतशीर टाळले जाते. मुलीच्या लग्नासाठी वा दवाखान्यासाठी उचललेले पैसे कागदावर जमिनीची किंमत होऊन बसतात. असा सावकार दिवाळीला वही पुजणारा असेल, किंवा व्याजाला हात न लावणारा नमाजीही असेल.

बँकेने हा प्रश्न सुटावा अशी अपेक्षा होती. २००८ साली रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकव्यवहाराची शिफारस केली. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे लोकमंगल सहकारी बँकेने २०१६ साली तसा प्रयोगही केला. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने तो विचार सोडला. गंमत अशी की, महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडणाऱ्या शेतकऱ्याला शासनाच्या व्याज-सवलतीमुळे शून्य टक्क्याने पडू लागले. शरीयतेने जे मागितले ते शासनाच्या आदेशाने निदान वेळेवर फेडणाऱ्याला तरी मिळाले. परंतु ज्याचे पीक बुडाले तो वेळेवर फेडीत नाही. त्याला नवे पीककर्ज मिळणे कठीण होते, आणि तो पुन्हा त्याच ओसरीवर जातो, जेथे खरेदीखताचा कागद तयार असतो.

त्याच्यासाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्ये एक दार आहे. सावकारीतल्या कर्जापोटी तारण म्हणून जमीन सावकाराकडे गेली असेल, तर कागदावर तिला खरेदी म्हटलेले असले तरी सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाला चौकशी करून तो दस्त अवैध ठरविता येतो व जमीन परत देवविता येते. अर्जाच्या तारखेपासून मागे पंधरा वर्षांपर्यंतचे व्यवहार त्यात बसतात. चौकशीत पैसे कधी घेतले, किती फेडले, जमीन प्रत्यक्षात कोण कसत होता, हे पाहिले जाते. म्हणून पैसे मोजताना हजर असलेल्यांची नावे, फेडीच्या चिठ्ठ्या आणि सातबाऱ्याचे जुने उतारे घरात असतील तेथून शोधून एकत्र ठेवावेत.